पडद्याची जांभळी, काचंची हिरवी

न्हाई उतरत! एकदा सांगितलं, दहादा सांगितलं, आता काय देवळाच्या घंटेवर चढून सांगू? न्हाई उतरत! काय करशीला? हाताला धरून वढशीला? वढा की! दाराला आतनं खिट्टी हाय, खिट्टीवर माझा हात हाय, आन् ह्यो हात भाताच्या लावनीचा हाय, समजलं? अगं फुला, धाकटी भन न्हवं तू माझी, अशी उन्हात उभी ऱ्हाऊ नको, हिकडं खिडकीपाशी ये. काच खाली केलीया मी. बघ, ही दांडी फिरवली की खाली, उलटी फिरवली की वर... हिच्यापायीच तर चाललंय सगळं! आन् तुम्ही वो? बाजारातनं आत्ता येताय न्हवं? मग तुम्हास्नी कायबी ठाव न्हाई. "तुळजाआक्का येडी झाली, दोन मोटारीतल्या एका मोटारीत जाऊन बसली," एवढंच सांगितलं असंल कुनीतरी. बसा त्या पारावर. पिशव्या ठेवा खाली. मला येळच येळ हाय, मी काय उतरत न्हाई.

तर तुम्हास्नी सांगते, ह्या दुखन्याचं मूळ कॅसलरॉकला हाय. आमचं ह्ये रेल्वेला लाकूड देत्यात, ते समद्यांस्नी ठाव हाय. देवाच्या दयेनं बरं चाललंय. दारात दुभती म्हस आली, ह्येंच्या डोक्याला जरीचा रुमाल आला, रुमालाच्या मागनं पोटबी आलं... मी कधी न्हाई म्हटलं? पन मागं ह्ये गेलं कॅसलरॉकला, लाकडं डब्यात भरून द्यायला, आन् तिथं स्टेशनाभायेर आली कोन? कुठल्याशा सरदाराची बायको! बंद मोटारीतनं! चारी बाजूनं पडदे! मोटारीपास्नं रेल्वेच्या डब्यापातूर दोघा गड्यांनी चादरी धरल्या, बाई चादरीच्या आतनं गेली, आन् आमचं ह्ये तोंड उघडं टाकून बघत बसलं. घरी आल्यावर मला सांगत्यात, "तुळजे, काय सांगू तुला, काय रुबाब, काय रुबाब!" मी म्हटलं, अवो, दिसलं काय तुम्हास्नी? तर म्हनं, "कायसुदिक दिसलं न्हाई! त्योच तर रुबाब! मोठ्या घरचं मानूस दिसत न्हाई!"

झालं! तवापास्नं डोक्यात खूळ शिरलं ते शिरलंच. दुसऱ्या दिवशी पडवीला बांबूच्या तट्ट्या आल्या. का? तर वाटंवरनं जानाऱ्यास्नी मी दिसाया नको. अवो, वाटंवरनं जातं कोन? तुम्हीच न्हवं? तुम्ही मला काय आज बघताय? मग माझं सुपा गावच्या बाजाराला जानं बंद. "गडी आनतील." गड्यानं आनलेली सुकी मासळी तुम्ही बघितली न्हाई, मांजरानं तोंड फिरवलं! तेबी सोसलं. मग म्हनत्यात, "औंदा तू लावनीला चिखलात उतरायचं न्हाई." मी म्हटलं, मग लावनी कोन करनार? "बायका लावू." अवो, बायका लावू! मग मी कोन हाय, बापई? चिखलात पाय घातल्याबगर माझा पावसाळा सुरू हुत न्हाई, आन् मी तट्ट्याच्या आडनं पाऊस ऐकू? तुम्हीच सांगा!

आन् मग मोटार. आता मोटार म्हटल्यावर खरं सांगते, मला बी आवडली हुती. का नको आवडू? माझं म्हायेर अणशीला. लगीन झाल्यावर त्या कारवारच्या रस्त्यानं मी चालत आले सासरी, डोक्यावर बोचकं, पायात कायबी न्हाई. त्याच रस्त्यानं मोटारीतनं जायाचं म्हटल्यावर मी काय रडत बसू? पन ह्येंनी काय केलं, मोटारी इकनाऱ्यास्नी बेळगावला सांगावा धाडला आन् हुबळीलाबी धाडला. एकानं न्हाई म्हटलं तर दुसरा असावा, ह्यो ह्येंचा हिशोब. दोघंबी आले! आज, एकाच सकाळी! दोघांच्याबी मोटारी लांबलचक, बंद, चार चार दारं, म्होरं एक बैठक, मागं एक, दिवे एवढे थोरले की आमची म्हस बुजून परड्यात जाऊन उभी ऱ्हायली ती अजून तिथंच हाय. बेळगावची जांभळी आन् हुबळीची ही हिरवी. दोन्ही नदीपाशी अडकल्या आन् दोन्ही आमच्याच बैलांनी वर काढल्या.

बेळगावचा तो बाबुराव. तो बघा, झाडाखाली, कोट घातलेला, घाम पुसतोय. त्याचं बोलनं ऐकायला पायजे हुतं तुम्ही! दोन्ही हात असं म्होरं धरून, "रावसाहेब, ही नुसती मोटार नव्हे! ही प्रतिष्ठा आहे, प्रतिष्ठा! मखमलीचे पडदे पाहा. आत वहिनीसाहेब बसल्या की प्रत्यक्ष सूर्यालासुद्धा दर्शन होणार नाही!" मी म्हटलं, का रं बाबा? मी सूर्याचं काय घोडं मारलंय? पन माझं कोन ऐकतंय! ह्ये म्हनलं, "तुळजे, बस आत." बसले. आई आई आई... डावीकडं पडदा, उजवीकडं पडदा, मागं पडदा, म्होरं डायवरच्या पाठीलाबी पडदा! अंधार! अत्तराचा वास! काच हाय म्हनं, पन ती बसवूनच टाकलेली, खाली यायचं नावच न्हाई. मी आतनं इचारलं, अवो, अणशीला गेलो तर मला कळायचं कसं अणशी आली? भायेरनं ह्येंचा आवाज आला, "गाडी थांबली की समजायचं!"

गाडी थांबली की समजायचं! मला सांगा, त्या रस्त्याचं वळन न् वळन माझ्या पायाला ठाव हाय. कुठं झरा हाय, कुठल्या झाडाखाली आमच्या म्हादूदादानं माझं बोचकं उतरवून घेतलं हुतं आन् तोंड फिरवून डोळं पुसलं हुतं... ते झाड मी बघायचं न्हाई? आन् मी बघायचं ऱ्हाऊ द्या, मला लोकांनी बघायला नको? तुळजी मोटारीतनं आली, ह्ये अणशीला कळलंच न्हाई तर मी मोटारीत बसू कशाला? त्यापेक्षा चालत गेलेली काय वाईट!

मग ही हिरवी. हिचा मालक कृष्णाप्पा. हुबळीचा, निम्मं कानडी निम्मं मराठी, आन् प्रत्येक बोलन्याला शेपूट 'री'चं. ह्येंच्याम्होरं उभा ऱ्हाऊन सांगतोय, "यजमानरे, भारी इंजन हाय री! हुबळीहून आली, वाटंत एकदाबी थांबली न्हाई री!" म्हटलं, नदीपाशी थांबली की! आमचं बैल जुंपलं की! तर हसून म्हनतोय, "ते थांबली न्हवं री अक्का, विश्रांती घेतली री." मानूस लबाड हाय, व्हय. लबाड हायच. पन ह्ये जांभळीच्या चाकावर लाथ मारून बघत हुतं तवा त्यानं ह्या हिरवीचं दार उघडलं आन् मला म्हनला, "नोडरी अक्का, बघा री. ही दांडी फिरवा. तुम्ही फिरवा री, मी न्हाई." मी फिरवली. काच खाली गेली. वारं आलं आत. भायेर आपला गाव, झाडं, फुलाचं तोंड... समदं दिसाया लागलं. आन् मला काय वाटलं सांगू? आज सकाळपास्नं पैल्यांदा कुनीतरी मला काय करून बघ म्हटलं हुतं. मी तवाच ठरवलं. हीच! आन् ही न्हाई तर कुठलीच न्हाई!

पन ह्येंचं तोंड जांभळीकडं. "पडदा हाय तीच घ्यायची!" मी म्हटलं, काच हाय ती. "पडदा!" काच! "पडदा!" काच! असं आमचं अंगनात चाललं, तिकडं बाबुराव म्हनतोय, "रावसाहेब, घरचा प्रश्न घरात..." कृष्णाप्पा म्हनतोय, "काच बरी री..." शेवटाला ह्ये वैतागलं. म्हनलं, "देवाला इचारू! देव सांगंल ती!" आता आपल्या गावात कौल लावल्याबगर कुनी कोंबडंसुदिक इकत न्हाई, मग मी तरी न्हाई कशी म्हनू? म्हटलं, चला. लावा कौल.

तर ह्या दोन मोटारी हितं आनल्या, देवळाम्होरं. आल्या आल्या झिलू गुरव आडवा आला. आता त्यानं ह्येंचं नाव घेऊन हाक मारली, मी काय नवऱ्याचं नाव घेत न्हाई, तुम्हास्नी ठाव हाय कोन ते, म्हनून मी आपली अमुकआण्णा म्हनते. तर झिलू म्हनला, "अमुकआण्णा, ह्या हिरवीत बैठक कातड्याची हाय. देवाच्या आवारात कातडं? वहाना भायेर काढतो आपन, आन् एवढं मोठं कातडं आत?" झाला का घोळ! मग कृष्णाप्पानं पळत जाऊन आमच्याच गड्याचं कांबळं आनलं, बैठकीवर टाकलं, आन् म्हनला, "आता लोकर वर हाय री, कातडं खाली हाय री." झिलूनं देवाकडं बघितलं. देव काय बोलला न्हाई. म्हनून चाललं. मी आत्ता बसलीया न्हवं, ते त्याच कांबळ्यावर. टोचतंय! पन न्हाई उतरत!

मग ह्येंनी झिलूला सांगितलं, "उजव्या अंगाला जांभळी लावलीया, डाव्या अंगाला हिरवी. देवाच्या अंगावरची जी पाकळी पडंल तिकडची मोटार." झिलू कपाळाला हात लावून म्हनतोय, "अवो, असं इचारत न्हाईत! देवाला व्हय का न्हाई एवढंच इचारायचं. उजवी पडली म्हंजी व्हय, डावी पडली म्हंजी न्हाई. 'कंची' म्हनून इचारायची रीतच न्हाई!" ह्ये म्हनलं, "मी एवढ्या लांबनं मोटारी आनल्या, देवाला एवढंसुदिक सांगता येऊ नये?" आता लाकूड देऊन देऊन ह्येंना वाटतंय देवबी रेल्वेचाच मानूस हाय! पन ह्येंच्याम्होरं कोन बोलनार? झिलूनं देवाच्या दोन्ही खांद्यास्नी वल्या पाकळ्या चिकटवल्या आन् घातलं गाऱ्हानं. "हे देवा म्हाराजा, तुझ्या लेकराला मोटार घ्यायची हाय, तुला मोटार ठाव असंल नसंल, पन दोन चाकं म्होरं असत्यात, दोन मागं असत्यात..." आन् समदी म्हनत्यात, "व्हय म्हाराजा!" मी डोळं मिटून म्हनत हुते, काच, काच, काच.

पाकळी पडली! उजवी! ह्येंनी उडीच मारली. "जांभळी!" बाबुराव म्हनला, "अभिनंदन, रावसाहेब!" आन् तेवढ्यात कृष्णाप्पा म्हनला, "थांबा री! उजवी कुनाची री? देव तर हिकडं तोंड करून बसलाय. देवाचा उजवा हात आपल्या डाव्या अंगाला हाय री. तिथं हिरवी हाय री!" मग काय इचारता! निम्मा गाव म्हनतोय, कौल देवाचा तर हातबी देवाचाच धरायचा. निम्मा म्हनतोय, मोटार आपन घेनार तर हात आपला. आमच्या गड्यानं, मारुतीनं, तर देवाकडं पाठ करून हात पसरून बघितलं, झिलूनं त्याला तिथंच झापला, देवाकडं पाठ करतोस म्हनून. ह्ये म्हनलं, "पुन्यांदा लाव कौल!" झिलू म्हनला, "एकाच गोष्टीला दुसरा कौल? देवाला काय दुसरं काम न्हाई?"

समदी भांडत हुती. माझ्याकडं कुनाचं ध्यानच न्हाई. माझ्या मनात आलं, अरं, हात देवाचा धरायचा का गावाचा, ह्यावर एवढा दंगा, आन् जिला बसायचंय तिला कुनी पुसलं का? एकानं? मोटारीत घुसमटनार मी, आन् उजवा डावा बघनार ह्ये! मी काय केलं, सरळ गेले, हिरवीचं दार उघडलं, बसले, खिट्टी लावली, काच खाली केली आन् म्हटलं, चालू द्या तुमचं. मी न्हाई उतरत!

तवापास्नं हितं हाय. बाबुरावानं पाया पडून बघितलं. शेवटाला त्यानं सोताच्या मोटारीचं पडदे काढले! बघा, ते काय, हातावर घेऊन उभा हाय, धुनं वाळत घालायला निघाल्यागत. म्हनतोय, "वहिनीसाहेब, काढले पडदे! आता तरी ही हिरवी सोडा!" मी म्हटलं, बाबा, तुझ्या मोटारीचं काढलंस, ह्येंच्या डोक्यातलं कोन काढनार? ते काय खिळ्याला अडकवल्यात? आज तू काढशील, उद्या ह्ये दुसरं लावतील, आन् काच तर तुझी खाली येतच न्हाई. तवापास्नं नुसता घाम पुसतोय.

ह्येंनी काय केलं ठाव हाय? म्हनलं, "बस मग हितंच. मी चाललो जेवायला!" जावा की! तरातरा गेलं. आता चुलीवर काय हाय ते मला ठाव हाय. कायबी न्हाई! कोठीच्या किल्ल्या कुठं हायत? ह्या बघा, माझ्या कंबरंला. येतील, येतील... ते बघा, आलंच! चाल बघा, रिकाम्या पोटाची! सरका जरा, वाट द्या.

काय म्हनता? "लोकं बघत्यात"? बघू द्यात की! बघायसाठीच ठेवलीया काच खाली! काय? "चार मानसांत माझी लाज काढलीस"? आन् तुम्ही माझ्याभवती तट्ट्या उभ्या केल्या तवा? तवा माझी काय काढली? मी दिसायला नको असं मी काय केलंय वो? ह्या गावात आले तवा तुमच्या घरात धड पत्रावळीला भात नव्हता, माझ्या डोईवरच्या मोळ्या समद्या गावानं बघितल्यात. तवा न्हाई लाज वाटली कुनी बघितल्याची! गरीब हुतो तवा मी दिसत हुते, आन् चार पैसं आल्यावर दिसायला नको? मग माझ्या वाट्याला आलं काय, अंधार? न्हाई चालायचं. मला बरं न्हाई वाटत, सांगते तुम्हास्नी सरळ. आत बसून जीव जातो माझा. न्हाई उतरत!

काय? मारुती, काय सांगत्यात ह्ये तुला? बैल आन? मोटारीला बैल जुंपून माझ्यासकट हुबळीच्या वाटंला लावनार? आना! आना बैल! बैलबी माझ्याच हातची पेंड खात्यात, बघू कसं वढत्यात! पन एक ऐकून ठेवा. बैलांनी एक पाऊल टाकलं ना... एकच... तर मी नाव घेनार!

ऐकलं न्हाई? नाव घेनार! तुमचं! उखान्यात न्हवं. हळदी-कुंकवाला लाजत लाजत न्हवं. सरळ, मोकळं, एकेरी, देवाच्या म्होरं, ह्या खिडकीतनं, पार त्या नंदिगड्डा गावात ऐकू जाईल असं! काय झालं? मागं का सरकलासा समदी? झिलू, कानात बोटं घालू नको, तुलाबी ऐकायचंय! काय म्हनतोस? "आक्का, नको, नवऱ्याचं आयुष्य घटतं"? ते त्येंना सांग! आयुष्य पायजे का पडदा पायजे, त्येंनी ठरवावं! फुला, तू रडू नको, तुझ्या भावजींस्नी कायबी हुत न्हाई, त्येंनी येळंवर व्हय म्हटलं तर! घेऊ? घेते बघा... काच आजून थोडी खाली करते... ल...

लक्...

"घेतली! घेतली! हिरवी घेतली! तोंड मिट, बाई!"

ऐकलं? ऐकलं समद्यांनी? कृष्णाप्पा, ऐकलंसा? घेतली म्हनले! आन् झिलू, तू काय बोलतोस? "मी मगाशीच म्हनलं हुतं, देवाचाच उजवा धरायचा असतो"? मगाशी नुसता मारुतीला झापत हुतास, आन् आता व्हय! बरं, असू दे, नारळ फोड.

थांबा... थांबा, ह्ये कुठं चालले? बाबुरावाकडं? काय घेत्यात त्याच्याकडनं? पडदे? पडदे!! अवो! घेतली म्हनलासा न्हवं? आता परत पडदे? ह्या मोटारीला? मी उतरत न्हाई म्हटलं तर तुम्ही पडदेच हिकडं घेऊन यायला लागला? मी परत तोंड उघडंन, सांगून ठेवते! काय? हिकडनं न्हाई, तिकडच्या दारानं? तुम्ही आत बसनार? बसा. थांबा, तिकडची खिट्टी काढते. सरका, माझं लुगडं दाबू नका. आन् ह्ये काय चाललंय? माझ्या खिडकीला हात लावायचा न्हाई... न्हाई? माझ्या न्हाई? मग?

आता गं बया... फुला, बघ... बघा वो समदी. ह्येंनी पडदा सोताच्या बाजूला लावला. दोन्हीकडनं खोचून घेतला, नाकापातूर. म्हनत्यात, "तुला न्हाई गं, मला! समदा गाव बघतोय, मी तोंड कुठं लपवू?" अवो, काढा की! कुनी न्हाई काय म्हननार तुम्हास्नी! न्हाई ऐकत. मी काच मागितली, ती मिळाली. पन पडदा घरात यायचा तो आलाच! चला, कृष्णाप्पा, सोडा गाडी अणशीच्या वाटंला. कुनी पुसलंच मला तिथं, "तुळजे, एकटीच आलीस? मालक कुठं तुझं?" तर काय सांगनार... सांगीन, हायत आतच. मोठ्या घरचं मानूस, दिसत न्हाई!